इटलीत महापौर निवडतात कसे? कोणीतरी नीट समजावून सांगा

पावटेआमटी
मंडळी, कामानिमित्त इटलीत आहे, लोम्बार्दीत क्रेमोनाजवळचं एक गाव, वस्ती असेल चारएक हजार. सध्या इथे नगरपालिकेची निवडणूक लागलीये. शाळेबाहेर पत्र्याचे फळे उभे केलेत, त्यावर नंबर टाकून चौकोन आखलेत आणि ज्याने त्याने आपापल्या चौकोनातच पोस्टर लावायचं. ना भोंगा ना बाइक रॅली ना कुठल्या दादांच्या वाढदिवसाचा फ्लेक्स. आमच्या मेडिकलवाल्या बाई एका पॅनेलमधून उभ्या आहेत. पॅनेलं एकूण तीन, आणि तिन्हींपैकी एकाचंही नाव टीव्हीवर ऐकलेल्या पक्षाचं नाही, सगळी आपली 'गावासाठी एकत्र' छापाची.

मला कळत नाहीये ते असं. महापौर (इथे सिंदाको म्हणतात) लोक थेट निवडतात की नगरसेवक? वॉर्ड कुठे दिसत नाहीत, मग नगरसेवक कुठल्या भागाचा? आणि ऑफिसमधला एक जण क्रेमोना शहरात राहतो तो म्हणतो आमच्याकडे दोनदा मतदान होऊ शकतं, तुमच्या गावात नाही. असं कसं काय? इथे कोणीतरी इटलीकर नक्की असणार, सांगा. मला मत नाही हे मला माहिती आहे, त्यावरून पिडू नका.

आगाऊ_कार्टं
भोंगा नाही तर निवडणूक आहे हे लोकांना कळतं कसं?

व्हेरोनाची_वहिनी
आले आले. नवरा इथला, माझं नागरिकत्वही आता इथलंच, त्यामुळे या भानगडीत बरीच वर्षं मत टाकतेय.

पावटेआमटी, थेट. नगरसेवकांनी महापौर निवडायची पद्धत इथेही होती, ती १९९३ मध्ये गेली. त्याआधीचं सासऱ्यांच्या तोंडून ऐकायला मजा येते, सिंदाको कोण हे पक्षांचे पुढारी बंद खोलीत ठरवायचे, मग कोणीतरी रुसायचं, पाठिंबा काढायचा, की आणला नवा गडी. १९९२ मध्ये मिलानमधून लाचखोरीची प्रकरणं बाहेर पडायला लागली आणि जुने पक्ष पत्त्याच्या बंगल्यासारखे कोसळले, लोक चिडलेले होतेच, त्यातून १९९३ च्या मार्चमध्ये ८१ नंबरचा कायदा आला. त्याच वर्षी रोममध्ये रुतेल्ली विरुद्ध फीनी आणि नेपल्समध्ये बास्सोलीनो विरुद्ध मुसोलिनीची नात अलेस्सांद्रा अशा लढती झाल्या, दोन्हीकडे दुसऱ्या फेरीपर्यंत ताणलं गेलं आणि दोन्हीकडे डावे जिंकले. तेव्हा मुदत चार वर्षं होती, आता पाच.

गाव आणि शहर यातली रेघ आहे १५,००० वस्तीची. रेघेखालच्या गावात महापौराच्या प्रत्येक उमेदवारामागे एकच पॅनेल. महापौराला मत म्हणजे पॅनेलला मत, वेगळं करताच येत नाही. एकच फेरी, ज्याला जास्त मतं तो जिंकला, एका मताने का असेना. आणि जिंकणाऱ्या पॅनेलला दोन तृतीयांश जागा. तुझ्या गावात कौन्सिल १२ जणांचं असणार, म्हणजे ८ त्यांचे आणि उरलेले ४ बाकीच्यांत मतांच्या प्रमाणात.

रेघेच्या वर एका उमेदवाराच्या मागे कितीही पॅनेलं उभी राहू शकतात, दोन पक्षांची, चार स्थानिक, एखादं तरुणांचं. निम्म्याहून जास्त वैध मतं पडली तर पहिल्याच फेरीत काम तमाम, नाहीतर पहिल्या दोघांत दोन आठवड्यांनी पुन्हा मतदान. तुझा ऑफिसवाला म्हणतो ते हेच.

वॉर्ड नाहीत. अख्खं गाव किंवा अख्खं शहर हा एकच मतदारसंघ.

लिंबूटिंबू_नागरिक
वॉर्ड नाहीत?? म्हणजे माझ्या गल्लीतला दिवा गेला तर कोणाच्या नावाने बोंबलायचं?

व्हेरोनाची_वहिनी
@लिंबूटिंबू, ज्याला आपण नाव लिहून मत दिलं त्याच्या नावाने. नाहीतर नगरपालिकेच्या ऑफिसात फोन. रोमसारख्या मोठ्या शहरात खाली विभाग आहेत, त्यांची वेगळी छोटी कौन्सिलं असतात, पण मुख्य कौन्सिलला वॉर्ड नाहीत.

स्थितप्रज्ञ_नाही
थांबा थांबा. तीन पॅनेलं, मतं ३५, ३३, ३२ अशी पडली तर ३५ वाल्यांना १२ पैकी ८ जागा? आणि उरलेल्या ६५ टक्के गावाने चार खुर्च्यांवर दाटीवाटीने बसायचं? याला लोकशाही म्हणायचं असेल तर आमची सोसायटी बरी, निदान तिथे भांडण तरी होतं.

खमंग_भडंग
+१ स्थितप्रज्ञ. ही तर बक्षीस योजना झाली, एकावर एक फ्री.

व्हेरोनाची_वहिनी
बक्षीसच म्हणतात इथे, बहुमताचं बक्षीस. कायद्यातच तसं आहे, लपवाछपवी नाही.

लिंबूटिंबू_नागरिक
मला मात्र यात दम वाटतोय, सांगतो का ते. आमच्या तालुक्याच्या गावाला थेट नगराध्यक्ष निवडून आला होता. माणूस एका पक्षाचा, नगरसेवक बहुतांश दुसऱ्या पक्षाचे. पुढे काय झालं असेल ते सांगायला ज्योतिषी नको. सभा बोलावली की कोरम नाही, कोरम झाला की ठराव फेटाळला, पाण्याच्या टाकीचं टेंडर इतके दिवस लोंबकळत राहिलं की शेवटी टाकीला विरोध करणारे आणि टाकी मागणारे दोघांनी आपापल्या बाजू अदलाबदल केल्या. आपल्याकडे २०१६ ला थेट निवड आणली, २०२० ला काढली, २०२२ ला परत आणली, पण निवडून आलेल्या माणसाच्या मागे बहुमत कुठून आणायचं याचा विचार कोणी केला? इटलीवाल्यांनी केलेला दिसतो.

स्थितप्रज्ञ_नाही
मतदाराने नगराध्यक्ष एकाचा आणि नगरसेवक दुसऱ्याचे दिले असतील तर तोही मतदाराचाच निकाल ना? त्याला वाटलं असेल की एकाला मोकाट सोडू नये. तुम्ही कायद्याने ते पुसून टाकताय.

जायफळ
वाचतेय. पुढचं येऊ द्या.

तिबरकाठचा
रोममध्ये राहतो, संशोधन वगैरे करतो (बहुतेक वेळ बसची वाट बघण्यात जातो). स्थितप्रज्ञ यांच्या मुद्द्याला दारूगोळा पुरवतो आणि मग त्यांच्याच विरुद्ध बोलतो.

२०२१ ची रोमची निवडणूक. पहिल्या फेरीत उजव्या आघाडीचा मिकेत्ती ३० टक्के घेऊन पहिला. डाव्यांचा ग्वाल्तिएरी २७. अपक्ष बाण्याचा कालेन्दा जवळजवळ २०, आणि तेव्हा खुर्चीवर असलेल्या विर्जीनिया राज्जी १९. म्हणजे चालू महापौर चौथी! याच बाई २०१६ ला दुसऱ्या फेरीत ६७ टक्के घेऊन रोमच्या पहिल्या महिला महापौर झाल्या होत्या. अजून गंमत, पॅनेलवार बघितलं तर सगळ्या शहरात सर्वात जास्त मतं कालेन्दाच्या पॅनेलला, कारण त्याच्यामागे एकच पॅनेल होतं आणि बाकीच्यांची मतं पाचसहा पॅनेलांत वाटली गेली. तरी तो तिसरा, म्हणून घरी.

दुसऱ्या फेरीत ग्वाल्तिएरी ६० टक्के. त्याच्या पॅनेलांना ४८ पैकी २९ जागा, कारण शहरांत बक्षीस ६० टक्के जागांचं. पहिल्या फेरीत चारांतल्या एकाने पसंत केलेल्या आघाडीला पाचांत तीन जागा. त्यात दुसऱ्या फेरीला मतदान झालं ४१ टक्क्यांच्या आसपास. ४१ चे ६० टक्के काढा म्हणजे रडायला येईल.

आता उलट बाजू. त्याच रोममध्ये देशाची सरकारं किती आली गेली? द्राघी गेले, मेलोनी आल्या. त्याआधीची यादी तर पाठ करणंही कठीण. महापौर मात्र सहसा पाच वर्षं बसतो. म्हणून तर इथे अधूनमधून टूम निघते की पंतप्रधानही महापौरासारखाच निवडा. रेन्झी ते फार बोलायचा, तो स्वतः फ्लोरेन्सचा महापौर होता आणि तिथून थेट पंतप्रधान झाला.

स्थितप्रज्ञ_नाही
दारूगोळ्याबद्दल आभारी आहे. दुसऱ्या भागाला उत्तर एवढंच, की खुर्ची हलत नाही म्हणजे कारभार चांगला असं नाही. तुम्हीच बसची वाट बघताय ना?

तिबरकाठचा
हा घाव वर्मी बसला.

आगाऊ_कार्टं
वहिनी, मगाशी 'नाव लिहून मत' म्हणालात ते काय? बटण नाही? मशीन नाही?

व्हेरोनाची_वहिनी
मशीनबिशीन काही नाही, कागद आणि पेन्सिल. तेही सांगते, कारण पहिल्यांदा गेले तेव्हा मला परीक्षेला बसल्यासारखं झालं होतं.

मतदान शाळेतच असतं. हल्ली रविवारी सकाळी ७ ते रात्री ११ आणि सोमवारी दुपारी ३ पर्यंत. ओळखपत्र आणि मतदार कार्ड न्यायचं, कार्डावर १८ चौकोन असतात, दर वेळी एकात शिक्का मारतात, भरलं की नवीन कार्ड. बोटाला शाई नाही. मग फिकट निळा कागद देतात, आमच्या शहरात तो उलगडला की जेवणाच्या टेबलावरच्या मॅटएवढा होतो, आणि सोबत एक पेन्सिल. साधी नाही, शिसं खोडता येत नाही अशी, थुंकी लागली तर जांभळी होते. ती परत द्यायची, खिशात घालून आलात तर दंड. मोबाइल आत नेता येत नाही, फोटो काढून 'दाखव कोणाला दिलंस' हा धंदा बंद व्हावा म्हणून.

कागदावर प्रत्येक महापौर उमेदवाराच्या नावाचा चौकोन आणि त्याला जोडून त्याच्या पॅनेलांची गोल चिन्हं, प्रत्येक चिन्हासमोर दोन रिकाम्या रेघा. शहरात नुसती नावावर फुली मारली तर मत फक्त महापौराला, पॅनेलांना काही नाही. चिन्हावर मारली तर पॅनेलला आणि आपोआप त्याच्या महापौरालाही. आणि मोठ्या शहरात एक फुली एका महापौर उमेदवाराच्या नावावर आणि दुसरी वेगळ्याच उमेदवाराच्या पॅनेलच्या चिन्हावर असंही चालतं, स्थितप्रज्ञ, तुमच्यासाठी तेवढी सोय ठेवलीये. रेघांवर आवडत्या नगरसेवकाचं आडनाव स्वतःच्या हाताने लिहायचं, ज्याची नावं जास्त लिहिली गेली तो पॅनेलच्या यादीत वर. दोन नावं लिहायची असतील तर एक बाई एक पुरुष. दोन्ही पुरुष किंवा दोन्ही बायका लिहिल्या तर दुसरं नाव बाद. हे २०१२ च्या कायद्याने आलं, ५,००० च्या वरच्या गावांसाठी. पावटेआमटीच्या गावात म्हणजे एकच नाव.

खमंग_भडंग
आडनाव हाताने लिहायचं?? म्हणजे आपला कोणी सहस्रबुद्धे उभा राहिला तर गेलं की डिपॉझिट.

आगाऊ_कार्टं
सहस्रबुद्धे सोड, कुलकर्णी पण गेला. त्यांच्या बाराखडीत क नाही म्हणे आपल्या इंग्रजी स्पेलिंगमधला.

व्हेरोनाची_वहिनी
हसू नका, त्यावर तोडगा आहे. अर्जातच 'उर्फ अमुक' असं टोपणनाव देता येतं, मग लोकांनी ते लिहिलं तरी चालतं. उमेदवार लोक खिशात मावेल असं कार्ड वाटतात, पुढे हसरा फोटो, मागे मतपत्रिकेचा नमुना आणि नाव कुठे लिहायचं ते. त्या कार्डांना इथे 'छोटे संत' म्हणतात, चर्चमध्ये मिळतात ना संतांची चित्रं तसेच दिसतात.

म्हापशेकर
मोठा इंटरेस्टिंग धागा हा. मी मूळचा गोव्याचा, पोर्तुगालचा पासपोर्ट घेतला (बाबांचा जन्म ६१ च्या आधीचा), आता इटलीत एका हॉटेलच्या किचनमध्ये. तर मला इथे मत आहे! युरोपियन युनियनच्या कुठल्याही देशाचा नागरिक जिथे राहतो तिथल्या नगरपालिकेला मत देऊ शकतो, फक्त आपोआप नाव येत नाही, मतदानाच्या ४० दिवस आधीपर्यंत नगरपालिकेत अर्ज टाकून पुरवणी यादीत नाव घालून घ्यावं लागतं. मला हे किचनमधल्या रोमानियन बाईने सांगितलं, तिच्या वस्तीत रोमानियन लोकांची मतं मागायला उमेदवार घरोघर फिरतात. नगरसेवक म्हणून उभंही राहता येतं. महापौर आणि उपमहापौर मात्र इटालियन नागरिकच हवा. विधानसभा संसद वगैरेला आम्हाला काही नाही.

पावटेआमटी
म्हणजे म्हापशेकर, तुम्ही इथे येऊन थोडे दिवस झाले तरी मत, आणि माझ्या गावातले सरदारजी, ज्यांच्या जिवावर इथले गोठे चालतात आणि जे वीस वीस वर्षं इथे दूध काढतायत, त्यांना नागरिकत्व नसेल तर नाही?

म्हापशेकर
हो दादा, तसंच. युरोपबाहेरच्या माणसाला नगरपालिकेलाही मत नाही. कायदा मी केला नाही, मी फक्त कांदे चिरतो.

जायफळ
क्रेमोना-मान्तोवाकडच्या गोठ्यांमध्ये पंजाबी लोक आहेत हे वाचलं होतं, ते चीजचं दूध तिथलंच ना? ग्राना वगैरे? कोणी तिथलं खाल्लंय का ताजं?

पावटेआमटी
@जायफळ, ताजं म्हणजे काय, ते मुरल्याशिवाय विकतच नाहीत. वेगळा धागा काढा, लिहितो.

लिंबूटिंबू_नागरिक
चीज बाजूला ठेवा हो. मला विचारायचंय, महापौर आणि कौन्सिलचं फाटलंच तर? अविश्वास ठराव असतो का?

तिबरकाठचा
असतो, पण त्याला दात आहेत. महापौराला पाडलं की कौन्सिलही बरखास्त. महापौराने राजीनामा दिला तरी कौन्सिल बरखास्त. निम्म्याहून जास्त नगरसेवकांनी एकदम राजीनामे दिले तरी सगळेच घरी, महापौरासकट. मग सरकारी प्रशासक येतो आणि पुढच्या ठरलेल्या वेळी निवडणूक. त्यामुळे 'याला उतरवून त्याला बसवू' हा आपल्याकडचा आवडता खेळ इथे खेळता येत नाही, सहलीला रिसॉर्टवर न्यायचा प्रश्नच येत नाही.

रोमचं २०१५ चं प्रकरण ऐका. महापौर इन्यात्सियो मारीनो, पेशाने सर्जन. पालिकेच्या क्रेडिट कार्डवर केलेल्या जेवणाच्या बिलांवरून गदारोळ झाला, त्याच्याच पक्षाने हात वर केले, ऑक्टोबरमध्ये त्याने राजीनामा दिला. इथे राजीनामा पक्का व्हायला २० दिवस लागतात. विसावा दिवस यायच्या आत गड्याने राजीनामा मागे घेतला! म्हणाला, कौन्सिलमध्ये या, समोरासमोर बोला, पाडायचं तर तिथे पाडा. त्याच्या पक्षाला नेमकं तेच नको होतं. दुसऱ्याच दिवशी ४८ पैकी २६ नगरसेवकांनी नोटरीकडे जाऊन राजीनाम्यावर सह्या केल्या, स्वतःच्या पक्षाचे आणि विरोधी मिळून, आणि चर्चा न होताच सगळं विसर्जित. मिलानचा सरकारी अधिकारी त्रोंका प्रशासक म्हणून आला आणि राज्जी निवडून येईपर्यंत त्यानेच शहर चालवलं. बिलांच्या खटल्यात मारीनो शेवटी २०१९ मध्ये सर्वोच्च पातळीवर सुटला, तोवर सगळं होऊन गेलं होतं.

खमंग_भडंग
नोटरीकडे जाऊन सरकार पाडलं हे लई भारी. आमच्याकडे नोटरी फक्त भाडेकरार करतो.

स्थितप्रज्ञ_नाही
आणि ही तुमची स्थिरता? पाच वर्षं कौन्सिलने मान डोलवायची कारण मान हलवली तर स्वतःचीच खुर्ची जाते. नगरसेवक मग महापौराला जाब विचारणार कसा?

व्हेरोनाची_वहिनी
या मुद्द्याशी मी सहमत आहे बरं का. इथल्या पेपरातही हेच लिहितात, कौन्सिल शिक्का मारायला उरलंय. त्यात महापौराचं मंत्रिमंडळ (जुंता) तो स्वतः नेमतो, मोठ्या शहरात नगरसेवक जुंतात गेला तर त्याला नगरसेवकपद सोडावं लागतं, आणि महापौर वाटेल तेव्हा त्याला जुंतातून काढू शकतो, मग तो ना इकडचा ना तिकडचा.

पण बक्षीस नेहमीच मिळतं असं नाही. दक्षिणेला लेच्चे शहर आहे, २०१७ मध्ये तिथे साल्वेमीनी दुसऱ्या फेरीत जिंकला, पण पहिल्या फेरीत विरोधी उजव्या पॅनेलांनी मिळून निम्म्याहून जास्त मतं घेतलेली. असं असलं तर बक्षीस मिळत नाही. त्यावरून कोर्टबाजी झाली, कोर्टाने बहुमत काढून घेतलं आणि महापौर राहिला विरोधकांच्या कौन्सिलसमोर एकटा. इथे त्याला लंगडं बदक म्हणतात. २०१९ च्या सुरुवातीला सगळं कोसळलं, मे महिन्यात पुन्हा निवडणूक, आणि तोच माणूस पहिल्या फेरीत निवडून आला. म्हणजे लिंबूटिंबूंच्या गावासारखं इथेही होतं, फक्त पाच वर्षं चालत नाही.

लिंबूटिंबू_नागरिक
दीड वर्षात सुटले म्हणजे सुखी आहेत.

पावटेआमटी
दोन फेऱ्यांच्या मधल्या दोन आठवड्यांत काय होतं? तिसऱ्या नंबरवाल्याला भाव येत असणार.

व्हेरोनाची_वहिनी
येतो ना! आणि हे मी डोळ्यांनी बघितलंय. २०२२, व्हेरोना. शहर वर्षानुवर्षं उजव्यांचं. पण उजव्यांचे दोन उमेदवार, चालू महापौर स्बोआरीना आणि माजी महापौर तोसी, दोघांचं विळ्याभोपळ्याचं. डाव्यांकडून उभा राहिला दामियानो तोम्मासी, रोमा क्लबचा आणि देशाचा माजी फुटबॉलपटू, शांत माणूस, प्रचारात कोणाला शिवी नाही. पहिल्या फेरीत तोम्मासी ४० च्या जवळ, स्बोआरीना ३३, तोसी २४. बेरीज केली तर उजवे आरामात जिंकतात.

आता कायदा असा आहे की दोन फेऱ्यांच्या मध्ये बाहेर पडलेल्याची पॅनेलं अधिकृतपणे उरलेल्या उमेदवाराला जोडता येतात. जोडली तर मतपत्रिकेवर त्यांची चिन्हं येतात आणि जिंकल्यावर त्या ६० टक्के जागांत त्यांचाही वाटा. इथेच खरी मेख, कारण तोसीला घेतलं तर स्बोआरीनाच्या स्वतःच्या लोकांच्या खुर्च्या कमी होणार. तोसीचा पाठिंबा तयार होता, स्बोआरीनाने अधिकृत जोडणी नाकारली. घरी दिराने टेबलावर मूठ आपटली होती, 'हरवलं या गाढवाने'. झालंही तसंच, तोम्मासी ५३ टक्के.

आगाऊ_कार्टं
दीर उजवा आहे हे कळलं. वहिनी तुम्ही कुठे फुली मारलीत?

व्हेरोनाची_वहिनी
मतदान गुप्त असतं. दिरापासून तर जास्तच.

म्हापशेकर
लहान गावांचे किस्से पण भारी आहेत. अगदी आत्ताआत्तापर्यंत १,००० च्या खालच्या गावात पॅनेल उभं करायला गावकऱ्यांच्या सह्या लागायच्या नाहीत. आणि पोलिसांना वगैरे उमेदवार झालं की प्रचारासाठी पगारी रजा मिळते. तर व्हायचं काय, कधी गावात पाऊलही न टाकलेल्या पोलिसांची पॅनेलं चिमुकल्या गावांत उभी राहायची, महिनाभर रजा घ्यायचे आणि मतं शून्य. टीव्हीवर दर वेळी दाखवायचे, दर वेळी सगळे संतापायचे.

खमंग_भडंग
शून्य म्हणजे स्वतःचं पण मत नाही!

म्हापशेकर
नाव दुसऱ्या गावच्या यादीत, स्वतःला कसं देणार.

जायफळ
१,००० च्या खाली नगरपालिका? आपल्याकडे एवढी तर एक बिल्डिंग असते.

तिबरकाठचा
देशात साधारण ७,९०० नगरपालिका आहेत, आणि शहर असो की पाडा, सगळ्यांना एकच नाव, कोमुने. ग्रामपंचायत, नगरपंचायत, नगरपरिषद, महानगरपालिका अशी उतरंड नाही. लेक्को जिल्ह्यात मोर्तेरोने म्हणून डोंगरातलं गाव आहे, वस्ती तीसएक माणसं. तिथेही सिंदाको, तिथेही तिरंगी पट्टा खांद्यावर, आणि कायद्याने कौन्सिल १० जणांचं.

आगाऊ_कार्टं
तीसात दहा नगरसेवक आणि एक महापौर. उरलेले विरोधी पक्ष.

लिंबूटिंबू_नागरिक
अशा गावात बिनविरोधच होत असेल की. आपल्याकडे तर बिनविरोध केली की सत्कार होतो. काही ठिकाणी सरपंचपदाचा लिलावही होतो, नाशिककडच्या उमराण्यात २०२१ ला आयोगाने त्यावरून निवडणूकच रद्द केली होती.

तिबरकाठचा
बिनविरोध हा प्रकारच नाही. एकच पॅनेल असलं तरी मतदान घ्यावं लागतं आणि ठरावीक टक्के लोक यावे लागतात, पूर्वी निम्मे मतदार लागायचे, हल्ली ४० टक्क्यांवर आणलंय. तेवढे आले नाहीत तर निवडणूक रद्द आणि प्रशासक. म्हणजे एकट्या उमेदवाराचा प्रतिस्पर्धी म्हणजे लोकांचा आळस, घरात बसून राहणं हेच विरोधी मत. त्या गावांत उमेदवार दारोदार जाऊन 'मला नको देऊ, पण ये तरी' म्हणतात.

स्थितप्रज्ञ_नाही
हे मात्र आवडलं. हे आणा आपल्याकडे.

जायफळ
प्रशासक म्हटल्यावर आठवलं, मुंबईत मार्च २०२२ ला प्रशासक बसला तो जानेवारी २०२६ च्या निवडणुकीपर्यंत बसूनच होता. तिथेही असं वर्षानुवर्षं चालतं का?

तिबरकाठचा
साध्या बरखास्तीनंतर काही महिन्यांत निवडणूक होते. लांबतं ते माफियाच्या प्रकरणात. १९९१ पासून कायदा आहे, माफियाची घुसखोरी दिसली तर सरकार कौन्सिल बरखास्त करून तीन जणांची समिती नेमतं, १२ ते १८ महिने, वाढवून २४. २०१२ मध्ये रेज्जो कालाब्रिया हे अख्खं शहर असं बरखास्त झालं होतं. पण २४ च्या पुढे नाही.

खमंग_भडंग
माफिया असूनही दोन वर्षांत निवडणूक. आम्ही माफियाशिवायच... असो.

आगाऊ_कार्टं
पगार किती महापौराला? म्हापशेकर उभे राहत असतील तर विचारून ठेवतो.

व्हेरोनाची_वहिनी
म्हापशेकरांना महापौर होता येत नाही, वर लिहिलंय त्यांनीच. पगार आता बरा झालाय, रोम-मिलानसारख्या महानगरांना महिना १३,८०० युरो आणि ३,००० च्या खालच्या गावाला २,२०८, दोन्ही कर कापायच्या आधी. छोट्या गावात आधी फारच कमी होता, म्हणून उमेदवारच मिळायचे नाहीत. त्यामुळेच ५,००० च्या खालच्या गावात आता कितीही वेळा उभं राहता येतं, १५,००० पर्यंत सलग तीनदा, त्यावर सलग दोनदाच.

पावटेआमटी
निकाल लागला मंडळी. आमच्या मेडिकलवाल्या बाईंचं पॅनेल थोडक्यात हरलं. बारातल्या आठ जागा जिंकणाऱ्यांना, बाईंच्या पॅनेलला तीन, तिसऱ्यांना एक. तीनपैकी पहिली जागा हरलेल्या महापौर उमेदवारालाच जाते म्हणे, उरलेल्या दोन नावं जास्त लिहिली गेली त्यांना, त्यात बाई बसल्या. आज औषध आणायला गेलो तर जिंकलेल्या महापौराच्या आईचं ब्लडप्रेशर मोजत होत्या आणि दोघी मिळून त्याला नावं ठेवत होत्या.

स्थितप्रज्ञ, तुमचा ६५ टक्क्यांचा हिशोब बाईंना सांगितला. म्हणाल्या, आठ काय नि अकरा काय, रस्ता खराब झाला तर माझ्या काउंटरवर येऊन बोलणारच आहेत सगळे.

स्थितप्रज्ञ_नाही
चार हजार वस्तीत ते चालेल. रोममध्ये २९ जणांना कुठल्या काउंटरवर गाठणार? मी माझ्या मताला चिकटून आहे.

जायफळ
पावटेआमटी, तुम्हाला मत कधी मिळणार मग?

पावटेआमटी
नागरिकत्व घेतलं तर. त्याला दहा वर्षं इथे राहिलेलं लागतं, शिवाय आपला पासपोर्ट सोडावा लागेल, तो वेगळा विषय. दहाची पाच वर्षं करावी म्हणून जून २०२५ ला सार्वमत झालं, आलेल्या लोकांनी कौलही बाजूने दिला, पण मतदानच ३० टक्क्यांच्या आसपास झालं आणि निम्मे मतदार आल्याशिवाय सार्वमत धरत नाहीत.

व्हेरोनाची_वहिनी
तोवर कौन्सिलच्या बैठकांना जा, त्या सगळ्यांना खुल्या असतात, नागरिकत्व विचारत नाहीत. मागे बसायचं, टाळ्या वाजवायच्या नाहीत आणि बोंबलायचं नाही, नाहीतर बाहेर काढतात. बजेटची बैठक चुकवू नकोस, खरी भांडणं तिथेच होतात.

खमंग_भडंग
टाळ्या नाहीत, बोंबलणं नाही. मग जायचं कशाला?